डावीकडचा उजेड

फोटोवाल्याने उभ्या आयुष्यात हजारो चेहरे टिपले, पण सूर्यास्त एकही नाही. कारण साधं होतं. सूर्य मावळायची वेळ म्हणजे स्टुडिओत गर्दीची वेळ. ऑफिसं सुटली की लोक पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जाचे, लग्न जमवायचे फोटो काढायला यायचे. बाहेर आभाळ लाल झालंय की जांभळं, याचा आत पत्ता नसायचा. आत एक सूर्यास्त होता, पण तो मागच्या पडद्यावर रंगवलेला. त्यातला सूर्य संत्र्याएवढा होता आणि वर्षानुवर्षं मावळतच होता.

स्टुडिओत दोघंच काम करायची, तो आणि त्याची बायको. तो कॅमेऱ्यामागे. ती त्याच्या डाव्या हाताला, थर्माकोलचा मोठा पांढरा तुकडा वरून दोन्ही हातांनी धरून उभी. दिव्याचा उजेड त्यावर आपटून समोरच्याच्या चेहऱ्यावर पडायचा आणि गालाखालची, डोळ्यांखालची काळोखी पुसली जायची. थर्माकोल जरा जवळ, जरा तिरका, जरा खाली, हे तिला सांगावं लागायचं नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्या फोटोत माणूस असतो त्यापेक्षा बरा दिसतो. त्यातलं निम्मं श्रेय थर्माकोलमागे उभं असायचं. ती स्वतः मात्र फोटोत कधी आली नाही. "माझा नको, नुसतं नाक येतं," म्हणून पळायची. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर ओळखपत्रावरचा चौकोनी तुकडा तेवढा सापडला. तो मोठा केला तेव्हा चेहऱ्याचे नुसते दाणे झाले.

तिचं एक मागणं राहून गेलं होतं.

"अहो, एकदा खरा सूर्यास्त काढून द्या की मला. हा पडदा बघून बघून डोळे पिवळे झाले."

"दुकान बंद केल्यावर काढू."

"दुकान बंद केल्यावर सूर्य काय तुमच्यासाठी ओव्हरटाइम करणार आहे?"

दुकान बंद झालं ते ती गेल्यावर. एकट्याला तिथे पाय ठेववेना. पडदे, दिवे विकून टाकले. थर्माकोल कोणी घेईना, तो त्याने स्वतः मोडून कचऱ्यात टाकला. घरी आला तर घर खायला उठलं. मुलगी म्हणाली, बाबा, आमच्याकडे चला. तो हो म्हणाला. नाही म्हणायला तरी कुठे काही होतं? मुलगी येऊन खोकी भरून गेली, आणि महिनाअखेरीला गाडी घेऊन येते म्हणाली. जायच्या आधी एकच काम उरलं होतं. मग त्याने कॅमेरा उचलला आणि गच्चीवर गेला.

गच्ची त्याच्या घराच्या डोक्यावरच होती. जिना संपला की जिन्याच्या खोलीची करडी, रंग न दिलेली भिंत. बाजूला पाण्याची काळी टाकी. समोर कमरेएवढा कठडा आणि त्यापलीकडे पश्चिम सताड उघडी. खाली बैठ्या घरांची छपरं, एक बंद पडलेल्या कारखान्याचं धुराडं, लांबवर झाडांची रेघ. सूर्य त्या रेघेत बुडायचा. सूर्यास्ताला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. तरी पहिल्या आठवड्यातले सगळे फोटो फुकट गेले.

ते त्याने खालच्या चष्मेवाल्याला दाखवले. चष्मेवाला सूर्यास्तांचा शौकीन. रोज संध्याकाळी दुकान पाच मिनिटं नोकरावर सोडून रस्त्याच्या टोकाला जायचा आणि फोटो काढून सगळ्या ओळखीच्यांना पाठवायचा. लोक वैतागायचे, पण त्याच्याकडून चष्मे उधार घेतलेले असल्यामुळे बोलायचे नाहीत.

"शेठ, यात सूर्य कुठाय?" चष्मेवाल्याने फोटो पुढेमागे करत विचारलं.

"हा काय."

"हा? मला वाटलं कोणी अंडं फोडलंय." मग त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कॅमेऱ्याच्या पडद्याला लावलं. "तुमचा कॅमेरा सूर्याकडे बघतच नाहीये. कठड्याच्या अलीकडे, दोन-तीन हातांवर कुठेतरी बघतोय. आणि ही मधली एवढी मोठी जागा कोणासाठी सोडलीय? पाहुणे यायचेत का?"

फोटोवाल्याने नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. स्टुडिओत गिऱ्हाइकाचं स्टूल जेवढ्या अंतरावर असायचं, तेवढ्या अंतरावर त्याने नजर जुळवली होती. चौकटीत मधोमध एका माणसाची जागा सोडली होती. डोकं, खांदे, दोन्ही बाजूंना थोडी हवा. प्रत्येक फोटोत. हाताला वळण लागलेलं, हाताने ते न विचारता केलं.

"तुम्ही सूर्याचा पासपोर्ट फोटो काढताय," चष्मेवाला म्हणाला आणि मग त्याने शिकवणी घेतली. नजर त्या धुराड्यावर जुळवा. उजेडाचं माप आभाळावरून घ्या, गच्चीवरून नको, नाहीतर रंग धुऊन निघतात. ढग नसतील त्या दिवशी जास्त आशा ठेवू नका. आणि सूर्य बुडाला की लगेच खाली पळू नका, खरा रंग त्यानंतर चढतो. "आणि ती मधली जागा तुमच्याच्याने भरणार नसेल, तर तिथे काहीतरी ठेवा. नजरेला टेकायला काहीतरी लागतं."

फोटोवाल्याने घरात नजर फिरवली. स्टुडिओतलं स्टूल तेवढं त्याने विकलं नव्हतं. बसून बसून त्याची गोल फळी गुळगुळीत झाली होती. ते वर नेलं आणि कठड्यापुढे ठेवलं.

फोटो सुधारले. आभाळाचे थर दिसायला लागले, खाली तांबडा, वर पिवळा, त्यावर जांभळा. मधोमध काळं स्टूल. बघायला बरं वाटायचं. फोटोवाल्याला दुपारपासूनच संध्याकाळची ओढ लागायला लागली. तो ढग बघायचा, लेन्स पुसायचा, वेळेवर जेवायचा. रात्री गाढ झोप यायची.

मग एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की स्टूल काळं येत नाहीये.

सूर्य समोर असला की त्याच्या अलीकडची प्रत्येक वस्तू काळी यायला हवी, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. पण फोटोत स्टुलाच्या पायांवरचा रंग दिसत होता. फळीवरचा ओरखडा दिसत होता. मागच्या कठड्याची सावलीतली बाजू उजळली होती, पोपडे मोजून घ्यावेत इतकी. मऊ उजेड होता. कडा नसलेला. डावीकडून येणारा.

त्याने चष्मेवाल्याला वर बोलावलं.

"मागच्या कुठल्या खिडकीची काच चमकत असेल," चष्मेवाला म्हणाला. दोघांनी वळून बघितलं. मागे जिन्याच्या खोलीची करडी भिंत. डावीकडे टाकीही नाही, काही नाही, नुसती हवा. चष्मेवाल्याने स्वतःच्या फोनवर फोटो काढला. त्यात स्टूल काळं कुळकुळीत आलं. फोटोवाल्याच्या फोटोत उजळलेलं. दोघांनी कॅमेरे बदलून बघितले. उजेड कॅमेऱ्यात नव्हता. फोटोवाला बटण दाबेल त्या फोटोत तो असायचा.

"शेठ, तुमचा हात लागला की असं होतं," चष्मेवाला हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "मी जातो. गिऱ्हाईक आलं असेल." त्यानंतर तो वर आला नाही. फोटो मात्र मागवून घ्यायचा आणि म्हणायचा, असे फोटो मला जन्मात जमायचे नाहीत.

फोटोवाला घाबरला नाही. उलट त्याला इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना त्याने शीळ घातली. तो उजेड त्याच्या ओळखीचा होता. किती जवळ, किती तिरका, किती खाली, सगळं ओळखीचं. दुसऱ्या दिवशी तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला तेव्हा त्याने डावीकडे बघितलं नाही. स्टुडिओतही बघायचा नाही. काम चालू असताना ज्याने त्याने आपलं काम बघायचं.

एकदाच त्याला राहवलं नाही. सूर्य टेकला होता, ढग पेटले होते. तो हळूच म्हणाला, "आज तूच बस की. माझ्यासाठी एक."

त्या संध्याकाळचे सगळे फोटो काळे आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीचेही. घास उतरेना. तिसऱ्या दिवशी तो खाली मान घालून वर गेला, काही न बोलता कॅमेरा लावला आणि बटण दाबलं. उजेड होता. त्याने डोळे पुसले आणि पुढचा फोटो काढला. पुन्हा तसं विचारायचं नाही, अशी त्याने खूणगाठ बांधली.

आता महिनाअखेर जवळ आली होती. मुलीच्या घरी दुसरी गच्ची होती, दुसरी पश्चिम होती. तिथे हा उजेड येईल की नाही, कोणाला विचारणार? चहाची भांडी लागतात म्हणून त्याने एक खोकं सोडलं. मग दुसरं.

त्याच दिवसांत उजेडात सावली पडायला लागली.

सुरुवातीला ती त्याला स्वतःचीच वाटली. उजळलेल्या कठड्यावर, स्टुलाच्या बरोबर मागे, डोकं आणि खांदे. पण तो स्वतः दुसऱ्या बाजूला उभा होता. आणि सावली रोज निराळी होती. एके दिवशी रुंद, मान नसल्यासारखी. एके दिवशी उतरत्या खांद्यांची, अंबाडा घातलेली. एके दिवशी इतकी ठेंगणी की स्टुलावर फक्त डोकंच ठेवलंय असं वाटावं.

स्टूल रिकामं होतं. त्याच्या डोळ्यांना तरी रिकामंच दिसत होतं.

एका संध्याकाळी मान फारच वर ताठलेली सावली आली. फोटो बघता बघता त्याच्या तोंडून सवयीने गेलं, "हनुवटी जरा खाली."

त्याने पुढचा फोटो काढला.

हनुवटी खाली आली होती.

मुलगी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आली. दारातच थबकली. घर झाडलेलं, बाबांची दाढी केलेली, गालावर मांस चढलेलं. आणि तिने भरलेली खोकी अर्धी रिकामी.

"बाबा, हे काय? मी घाम गाळून भरून गेले होते."

"चहाची भांडी लागली."

"आणि गाद्या? त्यांचाही चहा करत होतात का?"

"चल, वर चल," तो म्हणाला. "तुझा फोटो काढतो. आज ढग चांगले आहेत."

"मला काही फोटोबिटो नको. आपल्याला बोलायचंय."

"फोटो काढून झाला की बोलू."

ती कुरकुरत वर आली. ओढणी सारखी करत स्टुलावर बसली आणि लगेच अर्धवट उठली.

"स्टूल गरम आहे. आत्ता कोणी बसलं होतं का?"

"उन्हाने तापलं असेल."

तिने खाली बघितलं. स्टूल कठड्याच्या सावलीत होतं. मग ती बसली.

"हनुवटी जरा खाली," तो म्हणाला.

"मी काय गिऱ्हाईक आहे?" तरी तिने हनुवटी खाली केली. मग डोळे बारीक केले. "त्या बाजूने डोळ्यांत काय येतंय?"

"तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ."

त्याने एकच फोटो काढला. तेवढा पुरला.

खाली येऊन त्याने तो मोठ्या पडद्यावर लावला. मागे आभाळाचे सगळे थर, कुठलाही रंग धुतलेला नाही, कुठलाही जास्त नाही. पुढे लेकीचा चेहरा, डावीकडून मऊ उजळलेला, गालाखाली नावाला काळोखी नाही. इतकी शांत ती त्याला किती तरी दिवसांत दिसली नव्हती. ती स्वतः बराच वेळ बघत राहिली.

"आई असती तर…" ती म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडून चहा टाकायला गेली.

फोटोवाल्याने सवयीने फोटोतला तिचा डोळा मोठा केला. चेहऱ्याचा फोटो पारखायचा असला की डोळ्याची बाहुली बघायची. समोर जे असतं ते सगळं तिच्यात बारीक होऊन उतरलेलं असतं.

बाहुलीत तो स्वतः होता, मिरीएवढा, कॅमेऱ्यावर वाकलेला. त्याच्या शेजारी पांढरा उभा चौकोन. चौकोनाच्या वरच्या कडेवर बोटं होती. या हाताची चार, त्या हाताची चार.

तो हसला. त्याला एवढंच हवं होतं.

मग त्याने डोळा आणखी मोठा केला.

त्याच्या पाठीमागे, जिन्याच्या करड्या भिंतीला टेकून, माणसं बसली होती.

ओळीने. गुडघ्यांवर हात ठेवून. चांगले कपडे चुरगळू नयेत म्हणून माणसं बसतात तशी, अंग चोरून. जागा न मिळालेली टोकाला उभी होती. त्यातल्या एकाचं बोट धरून एक लहान मूल होतं.

सगळी त्याच्या पाठीकडे बघत होती.

"कसलं एवढं हसताय?" मुलगी चहा घेऊन आली. त्याने फोटो पुन्हा लहान केला.

"मी एवढ्यात येत नाही," तो म्हणाला.

"का?"

"कामं आहेत."

"कसली कामं? दुकान तर बंद केलंत."

"थोडंसं परत चालू झालंय."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग पडद्यावरच्या स्वतःकडे. तिचा हात नकळत डाव्या गालावर गेला आणि तिथेच राहिला.

"बरं," ती म्हणाली. "पण मी फोन केला की उचलायचा. आणि जेवायचं वेळेवर."

"जेवतोय की. बघ ना, गाल वर आलेत."

ती गेली तशी त्याने उरलेली खोकी सोडली. भांडी फळीवर लावली, गादी पलंगावर घातली. कामाला वेळ पुरेना, असं त्याला फार दिवसांनी झालं होतं. त्याला थोडी शरमही वाटत होती. इतके दिवस माणसं आपल्या दारात येत होती आणि आपण त्यांची काहीच सोय केली नव्हती. स्टुडिओ म्हटला की निदान आरसा आणि कंगवा तरी हवा. माणूस फोटोला बसण्याआधी एकदा केसांवरून हात फिरवणारच.

तो खाली जाऊन नवा कंगवा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी जरा लवकरच वर गेला. करड्या भिंतीवर खिळा ठोकून घरातला आरसा टांगला आणि शेजारी टाकीच्या कट्ट्यावर कंगवा ठेवला.

त्या संध्याकाळी ढग फार सुंदर पेटले. त्याने सूर्य बुडेपर्यंत फोटो काढले, मग रंग विझेपर्यंत काढले. प्रत्येकाला हनुवटी सांगितली. एकदा "हसा थोडं" असंही म्हणाला. डावीकडे बघितलं नाही. शेवटचा जांभळा गेला तेव्हा त्याने कॅमेरा बंद केला आणि समाधानाने पाठ मोकळी केली.

मग आरसा पुसून ठेवावा म्हणून तो भिंतीकडे वळला आणि त्याने कंगवा उचलला.

दातांत केस अडकले होते. लांब पांढरे होते, आखूड काळे होते, दोन-चार रंग लावून तांबूस झालेले होते. आणि अगदी टोकाच्या बारीक दातांत, फुंकर घातली तर उडतील इतके मऊ, जावळाचे.